रिकामा सोडलेला रकाना

मथुराबाईंनी पिशवीतून नारळ काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, उद्या मुहूर्त हाय. नारळ कुणाच्या हातात देऊ?"

आमच्याकडे एकदा ठेकेदाराच्या हातात नारळ गेला की काम त्याचं. मग माघार घेता येत नाही.

मी सिव्हिल इंजिनीअर, ऑफिस पेणला रामवाडीत. मथुराबाईंनी मिठागरात आयुष्य काढलं. मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्टमध्ये. दोघांची सगळी पुंजी खाडीकडच्या या एका घरात जाणार होती. ते बिघडलं तर दुसरं होणार नव्हतं.

दोन ठेकेदारांना मी एकच ड्रॉईंग आणि एकच बीओक्यू दिला होता. बीओक्यू म्हणजे कामाच्या प्रत्येक बाबीची मापांसकट यादी. ठेकेदाराने फक्त दर भरायचे. यादी एक असली की तुलना सरळ होते, याचा मला फार अभिमान. रोह्याच्या कदमांनी सगळे रकाने भरले होते. पेणच्या ठाकूरने पायाच्या रकान्यात दर न भरता खाली लिहिलं होतं, 'खोदून बघितल्यावर सांगतो.' अपुरं कोटेशन म्हणून मी लाल पेनाने त्याचा कागद बाद केला होता.

"कदमांना द्या," मी म्हणालो.

"ठाकूरनं पायाचा आकडा का नाय दिला?"

"नंतर वाढवून मागायला. दुसरं काय?"

त्यांनी मान हलवली. "तसं नसंल. त्या जागेत आमी पूर्वी खारं पाणी साठवायचो. भराव नंतर पडला. त्याला ठाव हाय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंत कुठं?"

खरंच विचारलं नव्हतं. वरचा मुरूम बुटाखाली टणक लागला, म्हणून मी पाच फूट खोलीवर नेहमीचं फुटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा पसरट पाय, दाखवून मोकळा झालो होतो.

दुपारी जागेवर जेसीबी आणला. कदमांनाही बोलावलं. चार फूट मुरूम निघाला. मग बकेट काळ्या चिखलात असं रुतलं की ऑपरेटर घाबरून मशीन मागे घेऊ लागला. खड्ड्यात पाणी चढायला लागलं. मथुराबाई नारळाची पिशवी पोटाशी धरून काठावर उभ्या होत्या.

"कदम, तुमच्या दरात पाया होईल?"

"ड्रॉईंगप्रमाणे होईल. त्याखालचं सगळं एक्स्ट्रा."

"आन् घर खचलं तर?" मथुराबाईंनी विचारलं.

कदमांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ड्रॉईंग साहेबांचं आहे."

मला संताप आला. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. मथुराबाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"म्हंजे उद्याचा मुहूर्त गेला."

"गेला."

त्या पिशवी घेऊन घराकडे वळल्या. एवढ्या वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मातीची तपासणी करून घेतली. सबंध घराखाली काँक्रीटची सलग लादी, म्हणजे राफ्ट, दाखवून नवं ड्रॉईंग फुकट करून दिलं. पाया महागला, त्यापायी मागची खोली गेली. या वेळी दोघांनीही सगळे रकाने भरले. कदमांपेक्षा ठाकूरचा आकडा कमी निघाला.

पहिला नारळ मथुराबाईंच्या कालवणात गेला होता. ठाकूरच्या हातात नवा देताना त्या माझ्याकडे वळल्या. "साहेब, आता तरी इचारलंत ना समदं?"

घराने दोन पावसाळे काढले, भिंतीला तडा नाही. हल्ली माझ्या यादीत पहिली बाब चाचणी-खड्ड्याची असते. आणि कुणी रकाना रिकामा सोडला, तर लाल पेन उचलण्याआधी मी त्याला फोन करतो.