शहरात उद्या पाणी बंद

‘शहरात उद्या पाणी बंद’ या चार शब्दांमुळे आमच्या गार्गीचं लग्न मोडायची वेळ आली होती.

लग्न तिचं तिनेच जमवलं होतं. मुलगा निखिल, तिच्याच कंपनीतला, हडपसरचा. घर पिढीजात शेतकऱ्यांचं. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण दारी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही ही पद्धत तशीच आहे. रविवारी त्याचे आईवडील विश्रांतवाडीला आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदाच येणार होते. शनिवारी सकाळी गार्गीने मला समोर बसवलं.

“बाबा, निखिलच्या आईला धाकधूक वाटतेय. त्यांना कुणीतरी सांगितलंय, की पुण्यातली माणसं आल्यागेल्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत. त्यांचं मन उद्या तुमच्याकडे बघूनच ठरणार आहे. प्लीज, नीट वागा!”

“आपण विचारतो की पाणी!”

“तुम्ही ‘पाणी नको असेल ना?’ असं विचारता.”

(यात चूक काय, ते मला अजून कळलेलं नाही.)

पाहुणीची पहिली नजर स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर जाते, असं आमच्या माधुरीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ठाम मत आहे. त्यामुळे फळ्यांवरचे कागद बदलायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी माळ्यावरचा जुन्या पेपरांचा गठ्ठा खाली काढला. (भाव वाढला की रद्दी द्यायची, म्हणून तो जपला होता. भाव वाढला, तेव्हा अजून वाढेल म्हणून थांबलो.)

“अहो, पेपर अंथरायचाय, वाचायचा नाहीये!” माधुरीने आधीच बजावलं.

पण स्टुलावर उभं राहून, फळीच्या मापाने वरची कड दुमडून पेपर अंथरला आणि तो मथळाच समोर आला. शहरात उद्या पाणी बंद! आजचा पेपर मी अजून उघडला नव्हता. तोच चुकून गठ्ठ्यात मिसळला असणार, असं मी धरून चाललो. कागद जरा पिवळट वाटला खरा, पण हल्ली सगळ्याचाच दर्जा घसरलाय, असं म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. शिवाय ही बातमी पुण्यात कोणत्याही दिवशी खरी वाटते.

मी मथळ्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘भरून ठेवा. नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.’ सोसायटीत छापील पेपर घेणारा मी एकटाच उरलोय, त्यामुळे अशा बाबतीत माझ्या शब्दाला वजन आहे. खात्री करून घ्यावी असं कुणालाही वाटलं नाही.

मग आम्ही भरायला लागलो. पिंप, बादल्या, कळशी झाली. मग पातेली. मग कुकर, कुकरचे डबे, कढई, परात, चहाचं भांडं, थर्मास. शेवटी फुलदाणीतली प्लॅस्टिकची फुलं काढून मी तीही भरली.

“फुलदाणी कशाला?” गार्गीने विचारलं.

“पाहुणे आहेत. असू दे!”

वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, समोरच्या विंगमध्ये, सगळीकडे धो धो नळ सुरू होते. संध्याकाळपर्यंत गच्चीतली टाकी संपली. वॉचमनने पंप लावून तळातली टाकीही खरवडून वर चढवली, तीही संपली. रविवारी सकाळी नळ उघडला, तर त्यातून नुसती हवा आली.

“बघ! पेपरात आलं म्हणजे आलं!” मी माधुरीला म्हणालो. ग्रुपवर तर माझ्यावर कौतुकाचा वर्षाव चालला होता. ‘काका, तुमच्यामुळे वाचलो!’ असे तीन निरोप आले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

साडेदहाला स्वयंपाकघरातून माधुरीची हाक आली. “अहो, पोहे कशात करू?”

“कढईत कर.”

“कढईत पाणी आहे.”

“मग पातेल्यात.”

“सगळ्या पातेल्यांत पाणी आहे! कुकरमध्ये पाणी, परातीत पाणी. पोहे भिजवता येतील हो हवे तितके. परतू कशात?”

“बाबा, एक भांडं ओतून टाका ना!” गार्गी काकुळतीला आली.

“ओतून? पाणी बंद असताना?” मी कढईसमोर आडवा उभा राहिलो. तेवढ्यात बेल वाजली.

निखिलचे वडील वसंतराव आणि आई सुमनताई आत आले, बसले. मी गार्गीची सूचना मनात घोळवत होतो. ते टेकतात न टेकतात तोच विचारलं, “पाणी घेणार?”

“द्या की,” सुमनताई म्हणाल्या.

“अजून देऊ?”

“आधी ह्ये तर पिऊ द्या!”

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी तीन वेळा पाणी दिलं. चहाचा पत्ता नव्हता, कारण चहाच्या भांड्यात काठोकाठ पाणी होतं, दूध घालायला जागा नव्हती आणि माधुरीला मी त्यातलं थेंबभरही ओतू देत नव्हतो. सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘सांगत व्हते न्हवं?’ एवढं स्पष्ट लिहिलेलं होतं. गार्गीच्या डोळ्यांत पाणी जमा झालं. (घरात तेवढीच एक जागा कोरडी राहिली होती.)

“मी जरा आत बघते हां,” असं म्हणून सुमनताई उठल्या आणि कुणी अडवायच्या आत स्वयंपाकघरात गेल्या. त्या दारातच थांबल्या.

“अगं बया! ह्ये समदं पानीच हाय व्हय?”

आता सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी बातमी सांगितली.

“आमच्याकडं तर सकाळी धो धो आलंय,” त्यांच्या मागोमाग आत आलेले वसंतराव म्हणाले. “कुठल्या पेपरात वाचलंत?”

मी तोऱ्यात फळीवरचा पेपर ओढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शांतपणे उलटा केला. मागे शब्दकोडं होतं. ते निम्मं सोडवलेलं होतं, आणि अक्षर माझं होतं. समासातही माझ्याच अक्षरात काहीतरी खरडलेलं होतं. वसंतरावांनी ते मोठ्याने वाचलं.

“गार्गीला दहावीच्या क्लासवरून आणणे. सहा वाजता.”

त्यांनी दुमडलेली कड उलगडून तारीख पाहिली, मग गार्गीकडे पाहिलं. “पोरी, तुला घ्यायला आले व्हते का वेळंवर?”

“रोज यायचे,” गार्गी म्हणाली. “अर्धा तास आधी.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपवर निरोप होता, ‘काका, खालच्या टाकीत पाणी आलंय. बंद होतं ना?’

सुमनताई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. “आन् मला म्हनत व्हते, पुन्यात पानी बी इचारत न्हाईत! हितं तर फुलदानी बी भरून ठिवलीया!” मग त्यांनी पदर खोचला, माझ्यादेखत कढई बाल्कनीतल्या कुंड्यांत रिकामी केली आणि माधुरीला म्हणाल्या, “ताई, कांदा चिरा. पोहे मी टाकते.”

पोहे खाता खाताच लग्न ठरलं. मला हायसं वाटलं आणि थोडं रडूही आलं, ते मी कांद्यावर ढकललं. सूत्रं पुन्हा हाती घ्यावीत, म्हणून मी घसा खाकरला.

“मग तारीख काढायची ना?”

वसंतरावांनी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली, पेपराची घडी तिच्याखाली सारली आणि मला हात जोडले.

“साहेब, हॉल तुमी बघा, जेवन तुमी बघा, पान्याचं तर तुमीच बघा. तारीख तेवढी आमी बघतो.”