ओघळीतला हरभरा

लग्न होऊन मी धामणगाव बढ्याजवळच्या खेड्यात आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवंच होतं. आमचं शेत उताराचं, मधून एक ओघळ गेलेली. दर पावसाळ्यात काळी माती त्या ओघळीतून नदीत जायची. नदी गाळानं इतकी उथळ झाली होती, की सासरे लहानपणी जिथे पोहायचे तिथून आता बैलबंडी सहज पार व्हायची. शेतात वरच्या अंगाला नुसता मुरूम उरलेला. ज्वारी वीतभर वाढून वाळायची.

"ते बरड झालं, सोडून द्या," सासरे म्हणायचे.

मला सोडवेना. एका उन्हाळ्यात मी ओघळीत आडवे दगड रचायला घेतले.

"काऊन दगडं रचून राह्यली?" नवऱ्यानं विचारलं.

"माती अडवते."

तो हसला. दुसऱ्या दिवशी मात्र मोठे दगड त्यानंच लोटून आणले.

पहिल्याच जोराच्या पावसात सगळं वाहून गेलं. मी तिथेच बसून रडले. शेजारच्या शेतात निंदणाला आलेली एक बाई खाली उतरली. तिचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. सरकारी बांधाच्या कामावर तिनं बरीच वर्षं दगड वाहिले होते.

"पाया नाही खंदला तुम्ही, बाई. अन् मधात खोलगट ठेवा, पाण्याले वरून जाऊ द्या."

"मग माती?"

"ते मांगं बसते."

पुढच्या उन्हाळ्यात तिला बोलावलं. ती म्हणाली, "मजुरी नको मले. माती बसली तं त्यातलं अर्धं पीक माझं." मी हो म्हटलं. दुपारी आम्ही दोघींनी एकाच फडक्यातली भाकर खाल्ली. सासूबाईंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात दोन भाकरी जास्त बांधल्या.

या खेपेला दगड टिकले. तीन पावसाळ्यांत मागे गुडघाभर गाळ साचला. पाऊस सरल्यावर आम्ही त्यात हरभरा टोबला. वरून एक थेंब पडला नाही, तरी नुसत्या ओलीवर तो घाट्यांनी लगडला. उपटून त्याचे दोन सारखे ढीग केले. ती मोठ्यानं हसत आपला ढीग बांधत होती.

सासरे ओघळीत उतरले. मूठभर माती उचलून त्यांनी चुरली, हुंगली.

"हे आपल्या वरच्या वावरातली हाय," ते हळूच म्हणाले. मग त्या बाईकडे वळून त्यांनी विचारलं, "आता दुसरा बांध कुठी घालाचा?"

तिनं वीसेक पावलं वर जाऊन टाचेनं रेघ ओढली.