खुर्चीतले लोंबते पाय

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहीत बसणाऱ्या माणसास आनंदाचा धक्का सहसा बसत नाही. मला काल बसला. स्वतः काढलेल्या चित्रकथांच्या झेरॉक्स पुस्तिका बसस्थानकावर विकणारी एक तरुणी आली. नगरपालिकेने तिचा गठ्ठा जप्त केला होता. तो सोडवण्यासाठी अर्ज हवा होता. उरलेली एक पुस्तिका तिने उघडली आणि मी ओरडलोच. प्रचंड खुर्चीत साहेब, आणि त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळणारे! आमच्या जिल्ह्याच्या साप्ताहिकातले दिवंगत व्यंगचित्रकार असेच साहेब काढीत.

"हे पाय कुठून आणलेस?"

"भज्यांच्या पुडीवरून, काका. तेल पुसायचं आणि गिरवायचं."

वा! ज्यास आपण रद्दी म्हणून विकले, तो कागद गावोगाव शिष्य शोधीत हिंडत होता तर!

मी हर्षभरित होऊन अर्ज लिहिला आणि प्रथेप्रमाणे शेवटी घातले, ‘पुन्हा असे घडणार नाही.’

"ते नको. गुरुवारी नवा अंक काढायचाय."

"त्यावाचून गठ्ठा सुटत नाही, बाई."

"मग राहू दे गठ्ठा. पुन्हा काढीन."

कोऱ्या कागदावर, त्या वाक्यावाचून, मी अर्ज नव्याने लिहिला; आणि तो नगरपालिकेत द्यावयास तिच्याआधी मीच उठलो.