दारावरचा ल्युबेन

रुम्यानाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या मागच्या बोळात एका उंदराला शेपटीला धरून भिंतीवर आपटत होती. उंदीर माझ्या कचऱ्याच्या डब्यातला, भिंतही माझीच. दोन फटक्यांत तिनं काम उरकलं, मेलेला उंदीर परत माझ्याच डब्यात टाकला आणि हात स्कर्टला पुसत म्हणाली, "झालं, मावशी. मी तुझी नवी शेजारीण."

मला राग आला. अडुसष्ट वर्षं मी याच रस्त्यावर राहतेय. इथं एकाला एक चिकटून घरं, कोण कधी चहा टाकतं तेसुद्धा भिंतीतून कळतं. आणि मला मावशी म्हणणारी ही कोण लागून गेली? पुढं कळलं, त्यांच्या बल्गेरियात वयानं मोठ्या बाईला तसंच म्हणतात. आठवड्याभरात तिनं भाजलेल्या मिरच्यांची बरणी आणून दिली. उकडलेल्या बटाट्यावर जन्म काढलेली मी, उभ्या उभ्या चमच्यानं अर्धी बरणी संपवली आणि मग मावशी म्हटल्याचं काही वाटेनासं झालं.

घरात तिघं. ती, नवरा ल्युबेन आणि मुलगी इवायला. तिकडं त्यांच्या गावातला कॅनिंगचा कारखाना बंद पडला, मग शाळा बंद पडली, मग दवाखाना. तेव्हा तिघांनी तीन पिशव्या उचलल्या आणि स्पेन गाठलं. तिथं प्लॅस्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडायचे. उन्हाळ्यात माणसं आत चक्कर येऊन पडायची. ल्युबेननं एकदा पाणी मागितलं, तर मुकादमानं पाण्याच्या नळीचा लोखंडी तुकडा त्याच्या तोंडावर हाणला. जबडा मोडला. रुम्यानानं भरलेलं टोमॅटोचं खोकं उचलून मुकादमाच्या खांद्यावर घातलं. "हाड मोडल्याचा आवाज आला, मावशी," ती मला सांगायची, "कोंबडीचं मोडतं ना, तसाच." त्याच संध्याकाळी तीन पिशव्या पुन्हा उचलल्या आणि थेट आमच्या आयर्लंडच्या उत्तरेला आले. इथं चिकनच्या कारखान्याला माणसं हवी होती.

ल्युबेनचा जबडा नीट बसलाच नाही. तोंड एका बाजूनं वर ओढलेलं राहिलं. झोपेत असो, रागात असो, बघणाऱ्याला वाटायचं हा गालातल्या गालात हसतोय. मी त्याला सुरुवातीला म्हटलंही होतं, "काय रे, माझ्या केसांना हसतोस का?" त्यानं खिशातून कंगवा काढून मला दिला. त्या दिवसापासून तो मला आवडायला लागला.

कारखान्यात रुम्याना सरकत्या पट्ट्यावर कोंबडीची हाडं सोडवायची. मिनिटाला चार मांड्या. सांधा कुठं आहे हे तिला बघावं लागत नसे, सुरी आपोआप तिथं जायची. कुणाचं बोट कापलं तर नर्स येईपर्यंत बांधायला तिलाच हाक मारायचे. वरिष्ठ तिला घाबरायचे, कारण ती उलट बोलायची, आणि बोलताना हातात सुरी असायची.

वर्षापूर्वी जूनमध्ये, फुटबॉलचा सामना संपल्यावर, चिप्सच्या, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडींच्या, दुकानाबाहेर कुणीतरी ल्युबेनला ठोसा मारला. तो मागं पडला, डोकं फुटपाथच्या कडेवर आदळलं. तीन दिवस यंत्रावर होता, चौथ्या दिवशी गेला. दुकानाबाहेर पंचवीस माणसं होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा पंचवीसच्या पंचवीस जणांची पाठ त्या बाजूला होती. असं आमचं गाव.

मग ती कागदाची भानगड सुरू झाली. त्यांच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव, तारखा छापून दारावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षानं नवा, आणि तोवर दार रिकामं ठेवायचं नाही. आमच्याकडे मयताची बातमी पेपरात येते आणि दुसऱ्या दिवशी त्या पेपरात मासे बांधतात. पोस्टमन मला विचारायचा, "मर्टल, हा माणूस हरवलाय का?" मी सांगायचे, "नाही, सापडलाय. मारणारा हरवलाय."

वर त्यांच्या लिपीतली अक्षरं, खाली आमच्या लिपीत नाव, आणि मधोमध ल्युबेन, तेच वाकडं हसू घेऊन. माझ्या घरी यायचं तर त्याच्यासमोरून जावं लागे.

त्याच सुमाराला आमच्या ग्लेननं पुढच्या दारानं यायचं सोडलं. ग्लेन माझ्या भावाचा, विल्बर्टचा मुलगा. आई लहानपणी गेली, म्हणून त्याला न्हाऊमाखू मीच घातलं. आता एकतीस वर्षांचा, टायरच्या दुकानात कामाला. दर रविवारी जेवायला माझ्याकडे. तो मागच्या बोळातून यायला लागला. "पुढं गाडी लावायला जागा नसते, आत्या." मी मान डोलावली. पुढं जागाच जागा होती. पण माणसाला जे दिसायला नको असतं ते तो बघत नाही, आणि मी काही वेगळी नाही.

यंदा जूनमध्ये गाव पेटलं. कुणी कुणाला भोसकलं, भोसकणारा परका होता म्हणे. एवढं पुरलं. सोमवारी नदीपलीकडची चार घरं जळाली. मंगळवारी दुपारी आमच्या रस्त्यावर जो तो दाराला ब्रिटिश झेंडे बांधायला लागला, म्हणजे आम्ही इथलेच आहोत हे जाळणाऱ्यांना लांबूनच कळावं. मी दोन झेंडे काढले. एक माझ्या दाराला बांधला, दुसरा घेऊन रुम्यानाकडे गेले.

"हा लाव, आणि तो कागद काढ."

"झेंडा लाव की. कागद नाही काढणार."

"अगं, ती अक्षरं बघूनच कळतं त्यांना!"

"गुरुवारी वर्ष होतं. तोवर हे दार त्याचं आहे."

"दार राहिलं तर ना! पोरीचा तरी विचार कर."

ती आत पीठ मळत होती. मळता मळता थांबली. "मावशी, स्पेनमधून पळाले. गावातून पळाले. आता त्याचं तोंड मी माझ्या हातानं फाडू? कुणासाठी? ज्यानं मारलं त्याच्यासाठी?"

मी झेंडा बांधला. बांधताना एक टोक ल्युबेनच्या डोळ्यांवर आलं. तिनं बाहेर येऊन ते बाजूला सारलं.

ते संध्याकाळी सात वाजता आले. जूनमध्ये आमच्याकडे सातला लख्ख ऊन असतं. साठ-सत्तर जण असतील, तोंडं बांधलेली, पण चालीवरून अर्ध्यांना मी ओळखत होते. यांच्या आयांबरोबर मी शाळेत गेलेय. कोपऱ्यावरचं फिलिपिनो नर्सचं घर आधी फोडलं. मग विटा रुम्यानाच्या खिडकीत. मी माझ्या पायरीवर उभी राहून ओरडत होते, "घरात पोर आहे रे! लाजा वाटू द्या!" एकानं मला ढकललं आणि म्हणाला, "आजी, आत व्हा." माझा गुडघा फुटला. आजी म्हणे!

एक जण पुढं झाला आणि दारावर हातोडा घालायला लागला. कडीवर नाही, बिजागरीवर नाही. कागदावर. ल्युबेनच्या तोंडावर. घाव घालताना तो ओरडत होता, "अजून हसतोयस? मेलास तरी हसतोयस?"

तो आवाज मी बोबडा होता तेव्हापासून ऐकतेय. माझ्यापासून दोन हातांवर होता तो.

दाराची काच फुटली. त्यानं आतली कडी काढायला हात घातला. रुम्याना आत उभीच होती. मला फक्त त्याची किंकाळी ऐकू आली, आणि हात बाहेर आला तेव्हा एक बोट कमी होतं. तो कोलमडत मागं गेला. कुणीतरी पेटती बाटली खिडकीतून फेकली आणि पडदे एका दमात पेटले.

मी धावत मागच्या अंगणात गेले. रुम्यानानं आधी मुलीला भिंतीवरून माझ्याकडे लोटलं, मग स्वतः उडी मारली. केस करपलेले, हातात ती बारीक सुरी. दोघींना आत घेतलं, इवायलाला जिन्याखाली बसवलं. पुढं पुन्हा दारावर थाप. मी दार उघडलं. "ती मागच्या बोळानं पळाली," मी म्हटलं. झेंडा बघून ते गेले. खोटं बोलायला मला जराही जड गेलं नाही.

दहा मिनिटं झाली नसतील, मागच्या दारावर कुणीतरी डोकं आपटल्यासारखं आपटलं.

"आत्या! मी ग्लेन. उघड गं. रक्त थांबत नाहीये."

रुम्यानानं माझ्याकडे पाहिलं. "तुझा?"

"भावाचा."

"उघड मग. मीच कापलंय, किती वाहील ते मला ठाऊक आहे."

तो आत आला, तिला पाहिलं आणि परत फिरायला लागला. तिनं त्याला खुर्चीत ओढलं, माझा पुसायचा टॉवेल घेतला. "हात वर धर, गाढवा. अजून वर. बोट माझ्या दारात पडलंय, आता नाही मिळायचं." आणि तिनं घट्ट, नीटनेटकं बांधायला घेतलं, जणू तो पट्ट्यावरचा सोबती होता. ग्लेन तिच्याकडे बघत नव्हता.

मला गप्प बसायचं होतं. खरं ते सांगते. गाठ बसेल, तो बोळानं निघून जाईल, उद्या दुकानात सांगेल की यंत्रात सापडलं. माझं एवढं एकच पोर. मी गप्प बसले असते.

तेवढ्यात इवायला जिन्याखालून बाहेर आली. पिशव्या, कपडे, सगळं सोडून पोरीनं एकच वस्तू उचलून आणली होती, कागदांची गुंडाळी. ती तिनं टेबलावर ठेवली आणि उलगडली. वर्ष झाल्याचे पंधरा कागद, गुरुवारी लावायचे. वर ल्युबेन. ग्लेननं तोंड फिरवलं आणि लहान मुलासारखा हुंदका दिला.

"ग्लेन," मी म्हटलं, "कोण हसत होतं ते सांग हिला."

"आत्या, नको ना."

"तू सांगतोस की मी सांगू?"

"एकच मारला गं. एकच! तो माझ्याकडे बघून हसत होता. मला काय माहीत तो असा पडेल?"

रुम्यानाच्या हातात टॉवेलची दोन टोकं होती. तिनं गाठ पुरी केली. मग मला म्हणाली, "मावशी, तू बोल. नीट बोल."

"ल्युबेनला यानं मारलं."

तिनं मूठ वळून त्याच्या नाकावर हाणली. नाक मोडल्याचा आवाज मीही ऐकला. पुन्हा हाणली, तो खुर्चीसकट खाली गेला, तिनं लाथ घातली. मी अडवलं नाही. तिनं सुरी उचलली तेव्हा इवायला एवढंच म्हणाली, "आई." सुरी माझ्या टेबलात रुतली. खाच अजून आहे. मग तिनं ग्लेनला केसांना धरून उठवलं आणि त्याचं तोंड कागदावर दाबलं.

"वाच. नाव वाच."

"ल्यु... ल्युबेन."

"पुढचं."

"ल्युबेन द... दोब्रेव्ह."

"परत."

पाच वेळा वाचायला लावलं. कागदावर त्याच्या नाकातलं रक्त पडत होतं. "आता ऐक," ती म्हणाली, "तो हसत नव्हता. जबडा मोडलेला होता त्याचा. आणि त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती. चिप्स मऊ असतात म्हणून तो तिथं आला होता."

पोलिसांना फोन मी केला. रस्ते अडवलेले, यायला दोन तास लागले. तेवढा वेळ आम्ही चौघं त्या स्वयंपाकघरात बसून होतो. ग्लेन पळाला नाही. मी त्याला पाणी दिलं आणि जे ऐकलं, पाहिलं ते सगळं पोलिसांना सांगितलं. ग्लेनला आणि तो रक्ताचा कागद ते घेऊन गेले.

बुधवारी रुम्याना आणि इवायला डेन्मार्कला निघाल्या. तिथं ल्युबेनचा चुलतभाऊ मशरूमच्या शेडमध्ये कामाला आहे. या वेळी तीन पिशव्याही नव्हत्या. माझे दोन जुने कोट आणि एक प्लॅस्टिकची थैली. बस यायच्या आधी तिनं उरलेले चौदा कागद माझ्या हातात दिले.

"उद्या वर्ष होतं. दाराला लावायचे. मला दार नाही राहिलं."

"मला आहे," मी म्हटलं.

"पिठाची खळ कर. टेपनं नको, वाऱ्यानं उडतात." आणि तिनं मला एवढ्या जोरात मिठी मारली की बरगड्या दोन दिवस दुखत होत्या.

गुरुवारी सकाळी मी खळ शिजवली. झेंडा काढला आणि एक कागद माझ्या दाराला लावला. दुसरा तिच्या जळक्या चौकटीला. मग भांडं आणि कुंचला घेऊन विल्बर्टच्या गल्लीत गेले. बायका खिडक्यांतून बघत होत्या. बघू देत.

त्याच्या दारावर मी कागद दाबून बसवत होते तेव्हा त्यानं दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"ताई, काय लावतेस हे?"

"मयताचा कागद."

"आमच्या घरात कुणी मेलेलं नाही."

"म्हणूनच इथं लावतेय. पोरगा तुझा, त्यानं मारलेलं मयतही तुझंच. मी वाढवलाय त्याला, म्हणून एक माझ्याही दाराला लावलाय."

"ग्लेन तुझा कुणी नव्हता का गं? तुरुंगात घातलास ना त्याला? आता दारसुद्धा सोडत नाहीस?" त्याचा आवाज फुटला. "तुझी पाठ वळली की फाडून टाकीन बघ."

"फाड," मी म्हटलं आणि कागदाच्या कोपऱ्यावरून कुंचला फिरवला. "माझ्याकडे अजून अकरा आहेत."