चार पाट आणि एक कॉट

एष्टीच्या टपावर चार पाट चढवताना कंडक्टर भलताच वैतागला होता. "घाटावर लाकूड मिळत नाही का हो?" म्हणाला. मामंजी खालून ओरडले, "फणसाचं मिळत नाही!" आणि सुंभाची गाठ स्वतः ओढून बघितली. मग खिडकीशी येऊन, माझ्याकडे न बघता, गजांशी बोलावं तसं म्हणाले, "सूनबाई, दिवाळीनंतर येईन बघायला. माणसांना जेवायला धड जागा नसली, तर माझ्याबरोबर परत यायचं."

चाकरमान्याने शहरात खाणावळीत जेवायचं आणि बायकोने गावी भात लावायचा, हे गावातल्या तुम्हा बायकांना पत्रातून काय सांगू? तुमच्यातल्या निम्म्याजणी अजून तशाच आहात. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवरा तीनदा दिसला होता. मला पिंपरीला राहायचं होतं. नुसतं त्यांच्यासाठी म्हणाले तर खोटं होईल. मला सगळं बघायचंही होतं. यांच्या औषधांच्या कारखान्याचा भोंगा कोण वाजवतं, औषध बाटलीत शिरतं कसं, नळ सोडला की पाणी येतं कुठून!

कंपनीने दिलेली जागा म्हणजे एक खोली आणि आत एक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात मी आणि शेगडी एवढंच मावायचं. तिसरं कुणी आत आलं तर शेगडीला बाहेर काढायला हवं. म्हणजे जेवण बाहेरच्या खोलीत. तीच बसायची, तीच झोपायची, आणि यांचे शिफ्टवरचे मित्र बूट घालून यायचे तेही तिथेच. आपल्याकडे ओटी, माजघर, पडवी, एवढ्या सगळ्याचा इथे एकच चौकोन.

मी पाट घेतला आणि खोली मोजली. लांबीला आठ पाट, रुंदीला सहा. मधोमध यांची लोखंडी कॉट. मग कागदावर चौकोन काढून, काडेपेटीची कॉट आणि चिंचोक्यांचे पाट करून आठवडाभर सरकवत बसले. हे कामावरून आले की विचारायचे, "आज घर कुठवर आलं?" थट्टाच ती, पण रात्रपाळी करून आलेला माणूस स्वतःही दोन चिंचोके सरकवून बघायचा. शेवटी जमलं. जेवायच्या वेळी कॉट भिंतीला उभी करायची आणि पाटांच्याच सुंभाने खिडकीच्या गजाला बांधायची. दारापासून दोन पाटांवर खडूची रेघ मारली. अलीकडे ओटी, पलीकडे माजघर. बूट रेघेच्या अलीकडे. मित्र हसले, पण पायाने रेघ कुणी पुसली नाही.

मामंजींचं पत्र आलं तशी मात्र माझी पाचावर धारण बसली. न सारवलेल्या भुईवर ते पाटावर बसायचे नाहीत. पिंपळे गुरवहून दूध घालायला येणाऱ्या गंगूबाईंना मी शेण मागितलं. त्यांनी तोंडाला पदरच लावला. "अवो ताई, शिमिटाला शेन धरत न्हाई! कुनी सांगितलं हे?" मी म्हटलं, तुम्ही आणा तर खरं, बाकीचं मी बघते. असा माझा स्वभाव.

सकाळी सारवलं तेव्हा काय सुरेख दिसत होतं! आपल्या माजघराचाच वास. माझे तर डोळेच भरून आले. दुपारपर्यंत कडांना पोपडे सुटले आणि मधे नुसता बुळबुळीत ओलावा राहिला.

मामंजी आले ते एक ट्रंक घेऊन. रिकामी, ते उचलतानाच कळत होतं. ती कशासाठी आणली ते मी विचारलं नाही. हातपाय धुऊन ते पाटावर बसायला गेले, पाट सरकला आणि मामंजी थेट जमिनीवर! उठले तेव्हा पांढऱ्या धोतरावर मागे हे एवढं हिरवं. हे कॉट धरून नुसते उभे. मी मनात लुगडी ट्रंकेत भरायलाही लागले होते.

मामंजींनी नखाने जमीन खरवडली. "ही काही पीत नाही," म्हणाले. "बादली आणा." धोतर खोचून त्यांनी स्वतः पाणी ओतलं आणि उकिडवे बसून पाणी कुठे जातं ते बघत राहिले. पाणी सरळ मोरीकडे गेलं. "गवंड्याने उतार बरोबर काढलाय," एवढंच बोलले. मग आम्ही तिघांनी खोली खराट्याने धुतली.

जेवण झालं. पुरुषांचं, म्हणजे. मग मी जेवणार, मग भांडी, आणि तोवर कॉट बांधलेलीच. मामंजींना जेवल्यावर आडवं व्हायची सवय. रेघेच्या अलीकडे ट्रंकेवर बसून त्यांनी पेंगत वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन पाट मांडले तर म्हणाले, "तिसरा मांड. तुझं होईस्तोवर मला ताटकळावं लागतं. तूही बस."

अगं बाई! सासऱ्यासमोर जेवायला! मी भात नुसता कालवत बसले. पण बघत मात्र राहिले. दोन वर्षं त्यांना वाढत होते, वरून नुसती टाळू दिसायची. मामंजी जेवताना हसतात, हे मला तेव्हा कळलं. आमटीला मीठ कमी पडलं की त्यांची भुवई कशी वर जाते, तेही.

जायच्या दिवशी मी ट्रंक पुसून दाराशी ठेवली. आत काय भरायचं ते विचारायचा धीर होईना. त्यांनी ती पायाने भिंतीकडे सरकवली, बरोबर रेघेच्या अलीकडे. "राहू दे इथेच," म्हणाले. "आल्यागेल्याला बसायला होईल."

त्याला चार वर्षं होऊन गेली. हे पत्र त्याच ट्रंकेवर बसून लिहिते आहे. तुमच्यापैकी जिला यायचं असेल तिने पाट घेऊन यावं, शेण मागू नये. मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर तोंडातून अजून गावाचंच नाव येतं. पण भूक लागली की हात आपोआप कॉटच्या सुंभाकडे जातो.