लंकेचं स्टेशन आणि आमचा सत्कार

जगावर रागावण्याचं काम मी आणि माझे साडू विनायकराव दर गुरुवारी करत असू.

बाकीचे दिवस आम्ही फुकट रागावायचो. गुरुवारचा राग छापून यायचा. देवास गेटजवळच्या एका छापखान्यातून चार पानी मराठी साप्ताहिक निघे, त्याच्या शेवटच्या पानावर 'कुरकूर' हे आमचं सदर असे. विनायकराव खुर्चीत रेलून आठवड्याच्या बातम्यांवर तोंड सोडत, आणि मी ते उतरवून घेताना त्यात माझा राग मिसळत असे. ते रेल्वेतून निवृत्त, मी शाळेतून, त्यामुळे दोघांनाही आता ओरडायला हाताखाली कुणी उरलं नव्हतं. मध्यभारताचे दिवस. संस्थान संपलं होतं आणि नवी राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत होती. (वाटेत ती उज्जैनला कधी चहालासुद्धा थांबली नाही, हे दुःख आम्हाला कित्येक अंक पुरलं.) मंत्र्यांची भाषणं, वनस्पती तूप, मुलांचे भांग, मुलींच्या दोन वेण्या, आम्ही काही म्हणून सोडलं नाही.

पण आमचा खरा वैरी म्हणजे सिनेमाचं गाणं. आपल्या रेडिओनं ते जरा आवरलं, तर लोक थेट लंकेचं स्टेशन लावू लागले! "लंकेतून आपल्या घरात आजवर काही भलं आलंय का?" असं विनायकरावांनी एका गुरुवारी विचारलं आणि ते वाक्य गावभर झालं. लोकांची फर्माईश, तिच्याआधी वाचली जाणारी नावांची लांबलचक माळ, मग ते गाणं, या सगळ्याची आम्ही इतकी सालं काढली की मराठी मंडळानं आमचा जाहीर सत्कारच ठरवला. विषयही ठरला : 'सिनेसंगीताची कीड'. शाल आणि श्रीफळ देणार होते.

खरं सांगतो, मला ती शाल मनापासून हवी होती. अक्षर बरं म्हणून जन्मभर दुसऱ्यांची मानपत्रं मी लिहिली, आणि त्यांच्या खांद्यांवर शाली पडताना मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. आता आपला खांदा पुढे करायची वेळ आली होती. अडचण एवढीच, की मंडळाला दोघांत मिळून एकच शाल परवडत होती. तिच्यावरून आम्ही दोघे साडू चांगलेच भांडलो. अखेर राजधानीसारखाच तह झाला. वडीलकीच्या मानानं हिवाळ्यात शाल विनायकरावांकडे राहणार होती आणि उन्हाळ्यात माझ्याकडे.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, आणि त्यात रेडिओ आणायची अक्कल माझी. नुसतं बोलून काय उपयोग, किडीचा नमुना लोकांना दाखवायला नको? भाषण ऐन रंगात आलं की लंकेचं स्टेशन लावायचं, दोन मिनिटं गाणं ऐकवायचं आणि मग त्याच्या चिंधड्या उडवायच्या. फर्माईशीचा कार्यक्रम किती वाजता लागतो, काटा कुठे ठेवला की आवाज स्वच्छ येतो, हे मला तोंडपाठ होतं. (टीकाकाराला अभ्यास करावा लागतो. मी एकही रविवार चुकवत नसे.)

मंडळाचा हॉल भरला होता. डाव्या सतरंजीवर पुरुष, उजव्या सतरंजीवर बायका, त्यांत पुढेच माझी बायको इंदू आणि तिची थोरली बहीण, म्हणजे विनायकरावांच्या सौभाग्यवती अक्का. अध्यक्षस्थानी आबासाहेब वकील. हे गृहस्थ हसल्याचं उज्जैनमध्ये कुणाच्या पाहण्यात नव्हतं. त्यांच्यासमोर टेबलावर नारळ आणि घडी केलेली ती शाल. चॉकलेटी रंगाची, किनार बारीक. माझं अर्धं लक्ष तिच्यावरच होतं.

भाषण मात्र झकास झालं. या गाण्यांनी सुना उद्धट झाल्या, वरणाला फोडणी कशी द्यायची ते पोरी विसरल्या, असं विनायकरावांनी ठणकावून सांगितलं. ज्या घरातून फर्माईशीचं कार्ड जातं त्या घराचं नाक कापलं गेलं असं समजावं, हे माझं वाक्य. टाळ्या पडल्या. मी रेडिओवाल्या शेठला खूण केली, त्यानं काटा फिरवला, जरा खरखर झाली आणि निवेदकाचा गोड आवाज हॉलभर पसरला.

झुमरीतलय्या झालं, अकोला झालं, कुठलं कुठलं गाव झालं. आणि मग आवाज म्हणाला, "उज्जैन, देवास गेट से विनायकराव..."

विनायकरावांचा चेहरा पुसल्या पाटीसारखा झाला. मला काय वाटलं? वाईट वाटायला हवं होतं. पण खरी गोष्ट अशी की माझ्या मनात पहिला विचार आला तो शालीचा. आता हिवाळाही आपलाच! मी माझी खुर्ची त्यांच्यापासून हळूच वीतभर दूर सरकवली, आणि "मला याची कल्पना नव्हती" अशा अर्थाची मान लोकांकडे बघून हलवली.

"...और उनके साढ़ूभाई गजाननराव," आवाज म्हणाला.

गजाननराव म्हणजे मी.

पुढे अक्का, इंदू, दोन्ही घरची पोरं, सगळी नावं क्रमानं आली आणि गाणं सुरू झालं. कुणी एक बाई विहिरीपाशी उभी राहून कुणाची तरी वाट बघत होती. शेठला बंद कर म्हणून मी हातवारे केले. त्यानं ते उलटे घेतले आणि आवाज आणखी मोठा केला. त्यातही मी वीतभर सरकवलेली खुर्ची सगळ्यांना दिसत होती.

गाणं संपल्यावर आबासाहेबांनी चष्मा काढला. हा काय प्रकार आहे, असं त्यांनी कोर्टातल्यासारखं विचारलं. विनायकराव म्हणाले, कुणीतरी दुष्टाव्यानं आमची नावं घातली. मीही तेच म्हणालो. तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून माझी बायको उठली.

"वकीलसाहेब, कुणाला बदनाम करायची जरूरत नाही. कार्ड आम्ही दोघी बहिणींनी टाकलं होतं. गर्मीत टाकलं, आता नंबर लागला."

"मग यांची नावं का घातलीत?" आबासाहेबांनी विचारलं.

"घरात मोठी माणसं बसलेली असताना बायकांनी आपली नावं पहिले घालायची?" इंदू म्हणाली. "भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेत यांचं नाव खाली गेलं, तर हे जेवायलाच उठले नाहीत. तेव्हापासून घरातून कागद निघाला की पहिले मोठे साडू, मग हे, मग बाकीचे. गाण्याचं कार्ड असलं म्हणून काय झालं? रीत ती रीत."

ती पत्रिकेची गोष्ट खरी होती. त्यावर मी एक गुरुवारही लिहिला होता.

आणि त्या दिवशी उज्जैननं आबासाहेब वकिलांना हसताना पाहिलं. ते हसले म्हणून मंडळ हसलं, मंडळ हसलं म्हणून रेडिओवाला शेठ हसला (त्याला मराठी येत नव्हतं). मग आबासाहेबांनी निकाल दिला. शाल मंडळाच्या पैशानं आणलेली आहे, ती दुकानदार परत घेणार नाही. सिनेसंगीताच्या विरोधकांना ती देता येत नाही, कारण तसे कुणी या मंचावर दिसत नाहीत. तेव्हा घरची रीत सांभाळल्याबद्दल ती या दोघी बहिणींना द्यावी. टाळ्या अशा पडल्या की आमच्या भाषणाच्या टाळ्या त्यांपुढे काहीच नव्हत्या. मीही उभा राहून वाजवल्या. मागे उभं राहून टाळ्या वाजवायची सवय जुनीच होती.

नारळ आम्हा दोघांना मिळाला. घरी जाताना विनायकराव माझ्यापासून चार हात दूर चालले. नारळ त्यांनी एकट्यानंच नेला. एकाच शालीवरून दोघी बहिणींत भांडण होईल अशी मला थोडी आशा होती, पण अक्कांनी वाटेतच ती इंदूच्या खांद्यावर टाकली. "तुला थंडी फार बाधते, राहू दे तुझ्याकडेच," म्हणाल्या. तह नाही, काही नाही.

त्या वर्षी माळव्यात थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी मी कुडकुडत चहा पीत बसलो होतो, आणि इंदू ती शाल लपेटून रेडिओ ऐकत होती. मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो की शाल घटकाभर मला दिली तरी चालेल.

"फर्माईशचं कार्ड टाका," ती म्हणाली.

मी टाकलं. अजून नंबर लागलेला नाही.