रिकामा घास

नायगावच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. माझे दोन्ही हात मुगाच्या खिचडीने बरबटले होते. मांडीवर सात महिन्यांची लेक. डॉक्टरांनी वरचं अन्न सुरू करायला सांगून तीन आठवडे झाले, तिने एक घास गिळला नव्हता. वजन जागचं हलत नव्हतं. बायको नोकरीवर रुजू झालेली, आणि "भरवायचं मी बघतो" ही फुशारकी माझीच.

"आ कर!" मी लेकीला दरडावलं. तिने ओठ घट्ट मिटले. खिचडी माझ्या शर्टावर.

"सायेब, तुमीच तोंड मिटून बसलाव," बाई म्हणाल्या. "लेकराला काय कळंल?"

मग त्यांनी हवेतलाच एक घास उचलला, डोळे मिटले आणि सावकाश चावू लागल्या. त्यांच्या गालावर ऊन हलत होतं, बाहेर हळदीची शेतं मागे सरकत होती. लेक टक लावून बघत राहिली. मीही गुंगून तोंड हलवू लागलो. खरं सांगतो, माझ्या जिभेवर तुपाची चव आली. कंडक्टरने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

लेकीने तोंड उघडलं. एक घास गेला, दुसराही गेला. मी हावरटासारखा तिसरा भरला, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

"बास. आनखी खावं वाटू द्या की तिला."

"आणि उद्या, मावशी?"

"उद्या तीच मागंल."

फाट्यावर त्या उतरून गेल्या. मी डब्याला झाकण लावलं, तशी लेक झाकणाकडे बघून भोकाड पसरून रडू लागली. इतकं गोड रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.